लवूळची वानरं, कुत्र्याची पिल्लं आणि दुधाचा हिशोब

(एपिसोडचं शब्दांकन. जसं बोललं गेलं तसंच जवळपास ठेवलंय, अडखळणं तेवढं काढलंय.)

इअरफोन लावलाय ना? नसेल तर लावा. आज तुमच्या कानाचंही काम आहे, ते थोड्या वेळाने सांगतो.

डिसेंबर २०२१ आठवतोय का? त्या महिन्यात ज्याच्या हातात फोन होता, त्याच्या फोनवर एकच विषय होता. एकीकडं वानर, एकीकडं कुत्रा. मीम्स, रील्स, ‘गँगवॉर’चे बॅनर. सगळा देश हसत होता आणि ती बातमी होती आपल्या शेजारची. आपल्या पाथरीहून ढालेगावला गोदावरी ओलांडली की बीड जिल्हा लागतो. त्याच बीडमधल्या माजलगाव तालुक्यातलं लवूळ हे गाव.

बातमी अशी होती की कुत्र्यांनी वानराचं एक पिल्लू मारलं, म्हणून वानरं चवताळली आणि बदला म्हणून गावातली कुत्र्याची पिल्लं उचलून, झाडावर नाहीतर घरावर नेऊन, वरून टाकायला लागली. आकडा दिला होता अडीचशे. नंतर नागपूरहून पथक आलं, वन विभागाने दोन वानरं पकडली आणि ती दूर जंगलात सोडायला नेली. बातमी संपली. पण ‘वानरांचा बदला’ हा शब्द जो डोक्यात बसला, तो आजही बसलेलाच आहे. मागच्या महिन्यात आमच्या इकडं एका पारावर ऐकलं मी, “वानर लई डूख धरतंय बरं का, सापापेक्षा जास्त.”

आज आपण त्या बदल्याच्या गोष्टीकडं जरा वेगळ्या बाजूने बघू. त्या दोन वानरांच्या मनात काय होतं ते कुणालाच विचारता येणार नाही. पण वानराचं शरीर आणि कुत्र्याच्या पिल्लाचं शरीर, ही दोन्ही शरीरं आपल्याला समजून घेता येतात. मला वाटतं, लवूळला पिल्लं का मेली याचं बरंचसं उत्तर तिथंच मिळतं. त्यासाठी दोन गोष्टी पक्क्या करू. सस्तन प्राणी म्हणजे कोण, आणि त्यातला नरवानर गण, म्हणजे ज्याला प्रायमेट म्हणतात तो, म्हणजे कोण.

चला, गोठ्यापासून सुरू करू.

म्हैस व्याली की पहिले दोन-तीन दिवस जे दूध येतं त्याला आपण चीक म्हणतो. घट्ट, पिवळसर. त्याचा खरवस होतो, आणि खरवसाची वाटी शेजारी पाठवायची आपल्याकडं रीत आहे. पण घरातली म्हातारी माणसं एक गोष्ट कधीच विसरत नाहीत. “आधी वासराला पाजा, मग खरवस करा.” हे बोलणं शास्त्राला शंभर टक्के धरून आहे. वासरू जन्मतं तेव्हा त्याच्या रक्तात रोगाशी लढणारी प्रतिद्रव्यं जवळजवळ नसतात. ती चिकातून मिळतात, आणि वासराचं आतडं ती आत घेऊ शकतं फक्त पहिल्या काही तासांत. एक दिवस उलटला की दार बंद. पहिल्याच दिवशी चीक न मिळालेलं वासरू पुढं साध्या हगवणीनेही दगावू शकतं.

सस्तन म्हणजे स्तन असलेला, पिल्लाला दूध पाजणारा. नावातच सगळं आलं. जगात साडेसहा हजारांच्या आसपास जाती आहेत सस्तन प्राण्यांच्या. निळा देवमासा आहे, घरातली चिचुंद्री आहे, आपली लाल कंधारी गाय आहे, वडाच्या झाडाला उलटं लटकलेलं वटवाघूळ आहे. वटवाघळाला पंख आहेत म्हणून तो पक्षी नाही. ते अंडी घालत नाही, पिल्लाला जन्म देतं आणि दूध पाजतं. उलट ऑस्ट्रेलियातला प्लॅटिपस अंडी घालतो, तरी तो सस्तनच, कारण अंड्यातून निघालेलं पिल्लू आईचं दूध पितं. म्हणजे अंडं की पिल्लू हा प्रश्न नाही. दूध आहे का, हा प्रश्न आहे.

दुसरी खूण म्हणजे केस. म्हशीला विरळ, मेंढीला दाट, आपल्याला मोजक्याच ठिकाणी, पण असतातच.

तिसरी खूण म्हणजे तुमचा कान. आत्ता माझा आवाज तुमच्या कानाच्या पडद्यावर आदळतोय, आणि पडद्याच्या आत तीन एवढीशी हाडं तो पुढं ढकलतायत. हातोडी, ऐरण आणि रिकीब. अशी तीन हाडं फक्त सस्तन प्राण्यांच्या मधल्या कानात असतात. सरड्याच्या, पालीच्या, कोंबडीच्या कानात एकच असतं. मग आपल्याला दोन जास्तीची कुठून आली? जबड्यातून! आपल्या फार फार जुन्या पूर्वजांच्या जबड्याच्या सांध्यात जी दोन हाडं होती, ती कोट्यवधी वर्षांत लहान होत होत कानात सरकली. त्यामुळे आपल्या खालच्या जबड्याच्या दर बाजूला एकच हाड उरलं. बाकीच्यांचा जबडा अजून अनेक हाडांचा आहे. तुम्ही पॉडकास्ट ऐकताय तो जुन्या जबड्याच्या जोरावर, असं समजा.

चौथी गोष्ट, ऊब. आपला परभणीचा हिशोब सगळ्यांना माहीत आहे. मे महिन्यात पारा चव्वेचाळीसच्या वर, आणि डिसेंबरात कृषी विद्यापीठाने नोंदवलेला थंडीचा आकडा राज्यभराच्या पेपरात. पण मे असो की डिसेंबर, तुमच्या अंगाचं तापमान ३७ अंशांच्या आसपासच. कुत्र्याचं आणि म्हशीचं त्याहून एक-दीड अंश जास्त. पक्ष्यांनाही हे जमतं, पण सापाला, बेडकाला जमत नाही. फक्त प्रत्येकाची तऱ्हा वेगळी. आपण घाम गाळतो. कुत्रं जीभ काढून धापा टाकतं. म्हशीला घामाच्या ग्रंथी कमी आणि कातडी काळी, म्हणून ती दुपारी डबक्यात जाऊन बसते. ती आळशी नाही, अंग थंड करतेय. प्राण्याचं शरीर किंवा वागणं त्याच्या जगण्याच्या जागेशी असं जुळलेलं असतं, त्यालाच अनुकूलन म्हणतात.

पण ही ऊब फुकट मिळत नाही. अंग सतत तापतं ठेवायला सतत अन्न लागतं. आणि नवजात पिल्लाला ते स्वतः मिळवता येत नाही. म्हणून दूध. दूध आणि ऊब या दोन गोष्टी सस्तन प्राण्यांत अशा एकमेकींत अडकलेल्या आहेत.

आता कुत्र्याच्या पिल्लाकडं या.

गावातली कुत्री जास्त करून भादव्यात माजावर येतात, हे काय मी सांगायला नको. तिथून साधारण ६३ दिवस मोजा. कार्तिक, मार्गशीर्ष. म्हणजे नोव्हेंबर-डिसेंबरात गावात गल्लोगल्ली, कडब्याच्या गंजीखाली, पडक्या वाड्यात पिल्लंच पिल्लं. लवूळची बातमी डिसेंबरातच का आली, याचं अर्धं उत्तर या कॅलेंडरात आहे.

कुत्री एका वेताला पाच-सहा पिल्लं देते. डोळे बंद, कान बंद. डोळे उघडायला दहा ते चौदा दिवस लागतात. पहिले दोन-तीन आठवडे त्यांना स्वतःच्या अंगाची ऊब राखता येत नाही. म्हणून ती एकमेकांच्या अंगावर ढीग करून झोपतात. आणखी एक गोष्ट बऱ्याच जणांना माहीत नसते. या वयात पिल्लाला आपणहून लघवी-शीही करता येत नाही. आई चाटते तेव्हा ती होते. म्हणजे आई, दूध आणि भावंडांचा ढीग, यातलं काहीही काढून घेतलं की पिल्लू तासा-तासाने मरणाकडं सरकतं. कुणी मारायची गरजच नाही.

एवढं लक्षात ठेवा आणि आता वर बघा, पिंपळावर.

आपल्याकडं लोक माकड आणि वानर एकच समजतात. लालतोंड्या तो माकड. काळ्या तोंडाचं, करड्या अंगाचं, लांब शेपटीचं ते वानर, हनुमान लंगूर. त्यातला दांडगा नर म्हणजे हुप्प्या. बातमीत सगळीकडं ‘माकड’ छापून आलं, पण फोटोत होती वानरं.

वानर सस्तन तर आहेच. केस, दूध, कानातली तीन हाडं, सगळं आहे. पण ते नरवानर गणातलंही आहे, ज्यात लंगूर, माकड, चिंपांझी, गोरिला आणि आपण येतो. या गणाच्या खुणा बघायच्या असतील तर स्वतःचा हात समोर धरा.

फोन अनलॉक करायला बोट लावता ना? बोटावरच्या त्या रेघा या गणाची जुनी मिळकत आहे. फांदी घसरू नये म्हणून त्या असतात. बोटाला नख्या नाहीत, चपटी नखं आहेत. अंगठा बाकीच्या बोटांच्या समोर येतो, म्हणून पकड बसते आणि म्हणूनच एका हाताने रील सरकवता येते. वानराचा अंगठा आपल्यापेक्षा आखूड असतो, पण उरलेल्या चार बोटांची पकड अशी की विचारू नका. पायालाही पकड, ती वेगळीच.

मग डोळे. म्हशीचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना, कारण तिला मागून कोण येतंय ते बघायचं असतं. वानराचे आणि आपले डोळे समोर. दोन्ही डोळ्यांनी एकच गोष्ट दिसते आणि मेंदू त्यातून अंतर काढतो. या फांदीवरून त्या फांदीवर उडी मारताना अंतर चुकलं की संपलं. रंगही तसेच. कुत्र्याच्या डोळ्यात रंग ओळखणाऱ्या पेशी दोन प्रकारच्या असतात, वानराच्या आणि आपल्या डोळ्यात तीन. हिरव्या पानांत तांबूस कोवळा फुटवा आणि पिकलं फळ लगेच दिसतं ते त्यामुळे. दातसुद्धा मोजा. मोठ्या माणसाला ३२, वानरालाही ३२. कुत्र्याला ४२.

वानराचं पोट मात्र आपल्यासारखं नाही. ते गायीच्या पोटाशी मिळतंजुळतं, अनेक कप्प्यांचं, ज्यात जिवाणू पाला आंबवतात. म्हणून वानर पाला, शेंगा, फुलं, फळं खाऊन जगतं. तुरीच्या आणि हरभऱ्याच्या रानात घुसतं तेही यासाठीच. थोडक्यात, कुत्र्याचं पिल्लू हे वानराचं खाद्य नाही. लवूळला वानरांनी पिल्लं नेली ती खायला नेली नाहीत, एवढं नक्की.

मग नेली कशाला? इथं वानराच्या पिल्लाकडं बघावं लागतं.

वानरीला एका वेळेस बहुधा एकच पिल्लू होतं. गर्भ साडेसहा महिन्यांच्या आसपास. पुढं वर्षभर तरी पिल्लू दुधावर. वानरीला स्तन दोनच, आणि तेही छातीवर. पिल्लू जन्मलं की पहिल्या दिवसापासून एक काम करतं. आईच्या पोटाच्या केसांना चारी हातापायांनी घट्ट धरतं. आई एका घरावरून दुसऱ्या घरावर उडी मारते, पिल्लू पडत नाही. ते धरून असतं, आणि दूध त्याच्या तोंडापाशीच असतं.

आणि लंगुरांत अजून एक सवय आहे. नवं पिल्लू झालं, ते काळपट असतं, की टोळीतल्या बाकीच्या माद्या त्याच्याभोवती गोळा होतात. हिसकून घेतात, छातीशी धरतात, चाटतात, उवा वेचतात, एकीकडून दुसरीकडं देतात. जन्माच्या पहिल्याच दिवसापासून. आपल्याकडं बाळंतिणीच्या खोलीत आत्या, मावशी, काकू “दे की जरा माझ्याकडं” करतात ना, तसंच. तरुण माद्या यात जास्त पुढं असतात, आणि अडाणीपणा करतात. उलटं धरतात, कंटाळा आला की फांदीवर सोडून जातात. पण वानराचं पिल्लू चिकटून राहतं, ओरडतं, आणि आई येऊन घेऊन जाते.

आता हाच हात कुत्र्याच्या पिल्लाला लावा.

वानराने पिल्लू उचललं. मऊ, केसाळ, कुंई-कुंई करणारं. छातीशी धरलं आणि चढलं पाण्याच्या टाकीवर. कुत्र्याच्या पिल्लाला धरता येत नाही. त्याच्या पंजाला पकड नाही, अंगठा नाही. कुत्री पिल्लाला मानेला धरून तोंडाने नेते, तेव्हा पिल्लू अंग सैल सोडून लोंबकळतं. तेच त्याचं शहाणपण आहे, जमिनीवरचं. वानराने एक हात सैल केला की ते खाली. आणि नाही पडलं तरी वर दूध नाही, भावंडांचा ढीग नाही, डिसेंबरची रात्र आहे. दोन दिवसांत ते भुकेने आणि गारठ्याने मरतं. मेलेलं पिल्लू मग कधीतरी खाली पडतं. खालून बघणाऱ्याला दिसतं काय? वानराने वरून पिल्लू टाकलं.

बघा, दोन्ही सस्तन. पण एकाचं बाळपण धरून राहण्यावर बेतलेलं, दुसऱ्याचं एका जागी पडून राहण्यावर. ही दोन बाळपणं एकमेकांत अडकली की मरण येतं.

मी असं म्हणत नाही की वानर म्हणजे गरीब गाय. वानर आणि कुत्रं यांचं वैर खरंच आहे. कुत्रं दिसलं की वानर खॅक करून टोळीला सावध करतं. कुत्री वानराची पिल्लं मारतात, हेही होतं. आणि वानरांमध्ये क्रूरपणाही आहे. साठच्या दशकाच्या सुरुवातीला युकिमारू सुगियामा नावाचे जपानी शास्त्रज्ञ आपल्या शेजारच्या धारवाडला लंगुरांचा अभ्यास करत होते. त्यांनी बघितलं की बाहेरचा नर टोळीचा ताबा घेतो आणि आधीच्या नराची तान्ही पिल्लं मारली जातात. सत्तरच्या दशकात सारा हर्डी या अमेरिकन संशोधिकेने माउंट अबूला वर्षानुवर्षं लंगूर बघून यामागचं कारण मांडलं. कारण पुन्हा तेच, दूध. अंगावर पाजणारी वानरी लवकर पुन्हा गाभण राहत नाही. पिल्लू गेलं की दूध थांबतं आणि ती नव्या नराकडून लवकर गाभण राहू शकते. ऐकायला वाईट वाटतं, मलाही वाटलं होतं. पण यातही ‘बदला’ कुठं नाही. शरीराचा हिशोब आहे.

मग ‘अडीचशे पिल्लांचा बदला’ ही गोष्ट एवढी पळाली का? कारण आपणही नरवानरच. आपल्या मेंदूला चेहरे वाचायची, डाव ओळखायची, कोण कुणावर चिडलंय ते हुडकायची सवय. वानराचा चेहरा आपल्यासारखा, हात आपल्यासारखा, म्हणून मनही आपल्यासारखंच धरलं. पण दोन वानरं आणि अडीचशे पिल्लं, हा आकडा फॉरवर्ड करताना आपल्यापैकी कुणी थांबून विचारलं का, की एका गावात दुधावरची अडीचशे पिल्लं असतात तरी का? मीही विचारलं नव्हतं. मीही तो मीम चार ग्रुपवर टाकला होता.

आता जरा आपल्या घरात या. घरात तान्हं बाळ असेल तर त्याच्या तळहातात तुमचं एक बोट ठेवा. ते मूठ आवळतं, अशी की सोडवावी लागते. पहिले काही महिने हे आपोआप होतं. ती वानराचीच पकड आहे. पण आपल्या आईच्या अंगावर धरायला केस उरले नाहीत. म्हणून आपण धरायचं काम बाळाकडून आईकडं आणलं. कडेवर घेतलं, पदरात बांधलं, झोळी केली. आपल्या गंगाखेड, सोनपेठकडून ऊसतोडीला जाणाऱ्या बाया फडाच्या कडेला साडीची झोळी बांधतात आणि बाळ त्यात निजवतात. हेही अनुकूलनच, फक्त कापडाचं. आणि दुधाचा नियम तिथंही तोच. बाळ आईपासून लांब ठेवून चालत नाही. फडात पाजायला थांबलेल्या बाईला कुणी “वेळ घालवू नको” म्हणत असेल, तर त्याला गोठ्यातल्या वासराची गोष्ट सांगा.

शेवटी कामाचं बोलू.

एक. परभणी हा राज्यातल्या सर्वात कमी जंगल असलेल्या जिल्ह्यांपैकी एक. वानरांना राहायला उरलं काय? गावातले वड-पिंपळ, देवळं, आणि आपली पत्रं. शनिवारी मारुतीला गेलं की केळी आणि फुटाणे हातावर देण्याची आपल्याला हौस. त्याने वानर धीट होतं, मग हिसकायला लागतं, मग चावतं. हात जोडा, खायला घालू नका.

दोन. वानर चावलं, ओरबाडलं तर हसण्यावारी नेऊ नका. रेबीज हा सस्तन प्राण्यांचा रोग आहे. कुत्रं, मांजर, वानर, गाय-म्हैस, सगळ्यांना होऊ शकतो. कोंबडी किंवा साप चावून तो होत नाही. जखम वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवा. हळद, चुना, मिरची काही लावू नका. त्याच दिवशी सरकारी दवाखान्यात जा आणि डॉक्टर सांगतील ते सगळे डोस पूर्ण करा. रेबीजची लक्षणं दिसायला लागली की मग जवळजवळ काहीच करता येत नाही.

तीन. गावात एखादं वानर खरंच त्रास देत असेल, पिल्लं उचलत असेल, तर दगड-काठ्या घेऊन मागं लागू नका. वन विभागाचा १९२६ हा टोल-फ्री नंबर आहे, तिथं कळवा. आणि भादव्यानंतर गल्लीत कुत्री व्याली असेल तर तिची पिल्लं उघड्यावर न ठेवता एखाद्या छपराखाली, वरून झाकलेल्या जागेत राहू द्या. एवढ्यानेही बरीच वाचतील.

आणि पुढच्या वेळी असा मथळा आला, की अमुक प्राण्याने तमुकाचा बदला घेतला, तर फॉरवर्ड करायच्या आधी एवढंच विचारा. त्याचं पिल्लू काय पितं, आणि कशाला धरून राहतं?

चला, आजचं एवढंच. तुमच्या गावात वानराची टोळी असेल आणि नवं काळं पिल्लू झालेलं असेल, तर लांबून दहा मिनिटं बघा. ते किती जणींच्या हातात जातं ते मोजा आणि मला आवाजी मेसेज पाठवा. चांगले मेसेज पुढच्या एपिसोडात ऐकवतो. काळजी घ्या. भेटू.